डंखांची वही: सातेरीच्या चार पेट्या, दुसरा हंगाम

पेट्या चारच आहेत. सगळ्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, कुडाळजवळच्या आमच्या परसात, फणसाच्या सावलीला. वह्या मात्र दोन. एक मधाची, ती अजून फारशी भरत नाही. दुसरी डंखांची, ती पहिल्या वर्षी झरझर भरली.

या दुसऱ्या वहीत तारीख, वेळ, कुठे चावली आणि का, एवढंच लिहितो. गेल्या हंगामात ‘का’च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘माशी चिडली’ असं लिहिलेलं. यंदा ठरवलं, ते दोन शब्द वापरायचे नाहीत. माझं काय चुकलं ते लिहायचं. गेल्या वर्षी ४१ डंख होते, यंदा मेपर्यंत १७. सातेरी तशी गरीब माशी, त्यामुळे १७ ही संख्यासुद्धा अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

ऑक्टोबर वाईट गेला. पाऊस ओसरला आणि गांधीलमाश्या पेट्यांच्या तोंडाशी घिरट्या घालायला लागल्या. सातेरी अशा वेळी दारात गर्दी करतात आणि सगळ्या मिळून अंग हलवतात, लाट गेल्यासारखी दिसते. बघायला सुंदर, पण त्याच दिवशी मी पेटी क्रमांक २ उघडली, तीही दुपारी चारनंतर, आभाळ भरून आलेलं असताना. दहा मिनिटांत पाच डंख. पुढच्या आठवड्यात दार लाकडी पट्टीने अरुंद केलं. आता पेटी उघडायची ती सकाळी नऊ ते अकरा, ऊन असताना. चरायला जाणाऱ्या जुन्या माश्या तेव्हा बाहेर असतात, आणि खरी तिखट मंडळी त्याच.

नोव्हेंबरचे तीन डंख घोट्याला. कारण शोधायला दोन फेऱ्या लागल्या. फ्रेम, म्हणजे पेटीतली पोळ्याची चौकट, वर घेतली की सातेरी पळत खालच्या कोपऱ्यात गोळा होतात, तिथे घोस लोंबतो आणि त्यातल्या काही गवतात पडतात. पडलेली माशी वर चढत जाते, म्हणजे माझ्या विजारीत. आता विजार मोज्यांत खोचतो, आणि फ्रेम पेटीच्या वरच धरतो, बाहेर गवतावर नाही. पेटीच्या समोर उभं राहणंही सोडलं. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत आपण उभं राहायचं आणि वर तक्रार करायची, हे काही खरं नाही.

धुराचं गणित मला उशिरा कळलं. माश्या शांत करायला पेटीत धूर सोडतात, ते धुराडं पहिल्या वर्षी मी भाता मारल्यासारखं चालवायचो. जास्त धूर झाला की सातेरी शांत होत नाहीत, सैरावैरा पळतात. आता दारात दोन फुंका, मग थोडं थांबायचं, मग झाकणाखाली एक फुंक, बस. जळण म्हणून नारळाची सुकी सोडणं, वर मूठभर ओलं गवत, म्हणजे धूर गार येतो. आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघतो. मला चटका बसला तर त्यांनाही बसणार.

आता वहीतलं सगळ्यात उपयोगी पान. १२ डिसेंबर, डाव्या अंगठ्याच्या कडेला. फ्रेम तिरकी ओढली, दोन माश्या चिरडल्या, तिसरीने डंख मारला. तेव्हा मी मुद्दाम पाहिलं. माशी निघून गेलेली, मरायच्या वाटेला लागलेली. काटेरी नांगी कातडीत, आणि तिच्यामागे राजगिऱ्याच्या दाण्याएवढी पांढुरकी पिशवी आपली एकटीच धडधडत होती. आपण बघत बसलो की ती विष ओतत बसते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं. पिशवी चिमटीत धरू नका, नखाने खरवडूनच काढा, असं आपल्याकडे आवर्जून सांगतात. पण खरवडा किंवा ओढा, फरक पडतो तो किती लवकर काढली त्याने. हातमोजा काढून, चष्मा शोधून, मग नांगी काढायची, यात सगळा वेळ जातो.

आणि वास. डंख बसला की पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. इतर माश्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. एक डंख बसलेल्या जागीच पुढचे दोन का बसतात, ते यामुळे. म्हणून नांगी काढली की त्या जागेवर धुराड्याची एक फुंक मारतो, मग साबण-पाण्याने हात धुतो, मग बर्फ. बोटाला डंख असेल तर अंगठी सूज यायच्या आधी काढायची. (परसातल्या केळीचा घड पिकला की तो पेट्यांपासून लांब न्यायचा, हे सौ.चं मत. पुरावा नाही, पण मी नेतो.)

घरगुती उपायांबद्दल थोडं. चुना मी लावून पाहिला. विष आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी, हिशेब बरोबर वाटतो. पण विष कातडीच्या आत, चुना बाहेर. सूज तशीच राहिली, वर कातडी भाजली ती वेगळी. आई विळ्याचं पातं चोळते. तिला नाही म्हणवत नाही, आणि पातं गार असतं, तेवढा आराम मिळतोच. माझ्यापुरतं बर्फ आणि खाज फार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली सेट्रिझिनची गोळी. सूज दुसऱ्या दिवशी वाढते, म्हणून घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कशाला, ते १८ फेब्रुवारीला कळलं. मेहुणा मदतीला आला होता. त्याला आधी दोनदा चावलेली, काही झालं नव्हतं. या वेळी मानेला एकच डंख. पाच-सात मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग पोटावर गांधी उठल्या, मग आवाज जड झाला. “भावोजी, घशात कायतरी अडकल्यासारखं वाटतंय,” म्हणाला. मी गोळी शोधायला धावलो. गोळी देऊन बघू, असं माझ्या मनात होतं. सौ.ने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागणार कळल्यावर शेजाऱ्यांची गाडी काढली. त्याला मागच्या सीटवर आडवा केला, पाय उशीवर. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने आवाज मोकळा झाला. तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. डॉक्टरांनी त्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दलही विचारलं. बीटा ब्लॉकर चालू असेल तर ॲड्रेनॅलिनचा असर कमी होतो.

गोळीने खाज जाते, घसा उघडत नाही. हे मला माहीत होतं, तरी हात गोळीकडेच गेला, म्हणून लिहितोय. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर, उलटी, यातलं काही डंखापासून लांबच्या जागी दिसलं तर घरी थांबायचं नाही. आता पेट्यांवर कुणी एकटं जात नाही. दवाखाना गाडीने किती मिनिटांवर, ते मोजून भिंतीवर लिहिलंय.

‘मला सवय झालीय’ हेही आता मी म्हणत नाही. सारखे डंख खाणाऱ्याचं शरीर सरावतं, हे खरं. पण वर्षाला चार-पाच खाणारा तसा सरावत नाही, त्याला ॲलर्जीचा धोका उलट जास्त. जानेवारीत महिनाभर मी पेट्या उघडल्या नाहीत, तर मार्चच्या पहिल्या डंखाला हात कोपरापर्यंत सुजला.

आग्यामोहोळाला या वहीत जागा नाही. तिथे जायचंच नाही. चुकून उठलंच तर तोंड झाकून सरळ पळत बंद खोली गाठायची, विहिरीत उडी नाही, कारण आपण वर येईपर्यंत त्या थांबतात. पन्नास-शंभर डंख बसले तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना, विषाचा भार मूत्रपिंडावर येतो.

मेहुणा एप्रिलपासून पुन्हा येतो, पण पेट्यांपाशी नाही. पडवीत खुर्ची टाकून बसतो, मांडीवर वही. मी ओरडलो की वेळ टिपतो. शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे: ९ मे, सकाळी १०.४०, उजवी करंगळी. का: भावोजींचा फोन वाजला, त्यांनी फ्रेम हातात धरून उचलला.