प्लेट टेस्ट पास, तरी पाया का खचतो?

खाडीलगत भराव टाकून इमारत उभी करताना हमखास ऐकू येतं, "प्लेट लोड टेस्ट मस्त आलीये, एसबीसी भरपूर आहे." म्हणजे जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून वजन दिलं, आणि मातीची सुरक्षितपणे वजन पेलण्याची क्षमता (एसबीसी) चांगली निघाली. खाली पाण्याने भरलेली चिकणमाती असेल तर एवढ्यावर पाया ठरवू नका. प्लेट असते 30 ते 75 सेंटिमीटरची. तिचा दाब रुंदीच्या साधारण दीड-दोन पट खोल जातो, म्हणजे फार तर दीड मीटर. 12 मीटर रुंदीच्या राफ्टचा (इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायाचा) दाब 20 मीटरच्या आसपास पोचतो. वर वाळून कडक झालेला थर असला की प्लेट फक्त त्याचंच कौतुक करते.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे 1913 साली हेच झालं. धान्याचं नवं कोठार भरत आणलं असताना ऑक्टोबरमध्ये ते एका दिवसात सुमारे 27 अंश कललं. चाचणी वरच्या कडक मातीवर झाली होती. निसटली ती खालची मऊ माती.

संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीवर वजन आलं की ते आधी छिद्रांतल्या पाण्यावर येतं. पाणी दबत नाही आणि तिथून लवकर निघतही नाही. त्यामुळे कणांमधली पकड तेवढीच राहते, वजन मात्र वाढत जातं. म्हणून टाकी किंवा कोठार पहिल्यांदा भरताना धोका सर्वांत जास्त. पाणी न निघता मोजलेली ताकद 20 किलोपास्कल असेल, तर लांब पट्टीच्या पायाला माती सुमारे 103 किलोपास्कलला हार मानते. 3 चा सुरक्षा गुणक धरला की हाती राहतात 34, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन टन. एका मजल्याचे 10 ते 12 किलोपास्कल धरा, तीन मजल्यांतच हिशेब संपतो.

माती टिकली तरी पुढे वर्षानुवर्षं बसत राहते. 6 मीटरचा थर, वर-खाली वाळू, सीव्ही (पाणी निघून माती किती वेगाने बसते त्याचं माप) वर्षाला 1 चौरस मीटर: 90 टक्के बसायला साडेसात वर्षं. खाली वाळूऐवजी सलग खडक असेल तर तीस! पाण्याची वाट दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. मीटर-दीड मीटरवर बँड ड्रेन (पाणी बाहेर काढणाऱ्या उभ्या चपट्या पट्ट्या) टाकतात ते ही वाट कमी करण्यासाठीच, आणि वर तात्पुरता जादा भराव चढवतात तो पाणी पिळून काढण्यासाठी. भराव टप्प्याटप्प्याने चढवा; एकदम ओतला तर कडेने चिखल फुगून वर येतो. आणि तो तारीख बघून काढू नका. पिझोमीटरवर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) दाब उतरला आणि सेटलमेंट प्लेटचा (जमीन किती खचली ते दाखवणारी प्लेट) आलेख सपाट झाला, की मगच काढा.

पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) खडकापर्यंत नेले म्हणूनही निर्धास्त राहू नये. भोवतीची माती बसताना पाइलला खाली ओढते, आणि ते वजन डिझाइनमध्ये धरावंच लागतं.