दीडशे किलोची बाईक आणि अर्धं पोतं मुठे

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत लाल चिखलाचे ठसे, खाली प्रश्न "ये किसका है?" माझेच होते. पुसले नंतर. पण लोक विचारतात की मुलुंडमध्ये राहून एवढी उंच, चिखलातली बाईक कशाला लागते, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तिकडे अमेरिकेत शिकारवाल्यांचा एक प्रकार आहे, छोटी ट्रेल बाईक घ्यायची, जंगलातल्या कच्च्या रस्त्याने जमेल तेवढं आत जायचं आणि मग पायी. यामाहाची टीडब्ल्यू २०० त्यासाठी फेमस, १९८७ पासून येतेय, बलूनसारखे जाडे टायर, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. त्याआधी होंडाची सीटी ९० होती, साधी स्कूटरेटसारखी दिसणारी, पण मागे पलंगाएवढा कॅरिअर आणि चढासाठी वेगळा लो रेंज गिअर. तिच्याच खानदानातली सीटी १२५ जपानमध्ये २०२० ला आली, तिचं नावच हंटर कब. आणि रोकॉन म्हणून एक येडा प्रकार आहे, दोन्ही चाकांना ड्राइव्ह आणि चाकं आतून पोकळ, त्यात पेट्रोल नायतर पाणी भरून न्यायचं! हे सगळं मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत बघत बसायचो आणि शिकार मात्र आयुष्यात कधी केली नाही, करणारही नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला. मामाच्या वडिलांची ठासणीची बंदूक होती, लायसनवाली, शेवटी शेवटी ती फक्त इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनला जमा करायला बाहेर निघायची.

आमची शिकार म्हणजे मुठे. शेतातले काळे खेकडे हो.

पहिला दणकून पाऊस झाला की मामाचा फोन येतो, "भाच्या, ओढा उतरला, ये." शनिवारी दुपारी निघायचं, शहाडच्या पुलावर अर्धा तास शिव्या घालायच्या, मुरबाड, मग टोकावड्याच्या पुढे आत. डांबर संपतं तिथून ओढ्यापर्यंत तीनेक किलोमीटर बैलगाडीची वाट, पावसात नुसता लोण्यासारखा चिखल. आधी मित्राची मोठी अॅडव्हेंचर बाईक नेली होती, दोनशे किलोची. हायवेला राणी, आणि त्या वाटेवर म्हैस बसली तशी बसली, चौघांनी ओढून काढली. तेव्हाच ठरवलं, जी मला एकट्याला उचलता येत नाही ती बाईक तिकडे न्यायची नाही. म्हणून हिरोची जुनी एक्सपल्स २०० घेतली, दीडशेच्या जरा वर वजन, पुढे एकवीस इंची चाक, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे बाईकचं पोट जमिनीपासून, २२० मिलीमीटर वर. पॉवर काही फार नाही, चिखलात लागतेच कुठे. भांडुपच्या एका फॅब्रिकेटरकडून मागे पत्र्याचा रुंद कॅरिअर वेल्ड करून घेतला, त्याला मामा अजून "पाट" म्हणतो.

कच्चा रस्ता लागला की टायरची थोडी हवा सोडतो, फार नाही, ट्यूबवाले टायर आहेत, जास्त सोडली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. पुढच्या चाकाची एक ट्यूब बॅगेत असतेच, अडीनडीला तीच मागच्या चाकातही कोंबता येते. आणि ओढ्याच्या बरंच अलीकडे बाईक बंद. इंजिनाची धडधड जमिनीतून गेली की मुठे बिळात पळतात असं मामाचं म्हणणं. अमेरिकेतले पण गाडी लांबच लावतात, आणि तिथल्या वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात तर १९६४ च्या कायद्यानेच मोटारगाडीला बंदी आहे. आपणही अभयारण्यात आणि लावणीच्या खाचरात चाक घालायचं नाही, खाचरात घातलं तर कायद्याच्या आधी शेतकरीच बघून घेईल.

मग डोक्याला टॉर्च, पायात प्लास्टिकचे बूट, आणि पाण्याच्या कडेने हळू हळू. मुठा उजेडात दोन सेकंद थिजतो, तेवढ्यात मागून पाठीवर बोटं दाबायची, पुढून हात गेला की डेंगा, म्हणजे नांगी, बसलाच. मादी असेल तर मामा उलटी करून बघतो, पोटाखाली पिल्लं चिकटलेली दिसली की परत पाण्यात.

मागच्या जूनमध्ये रात्री एकला परत येताना, मामा मागे, अर्धं पोतं कॅरिअरला बांधलेलं, आणि वळणावर पुढचं चाक सरकलं. आम्ही तिघं आडवे, म्हणजे मी, मामा आणि बाईक. मी उठून आधी इंजिन बंद केलं, पडली होती उजवीकडे म्हणून साइड स्टँड आधीच काढून ठेवला, गिअरमध्ये टाकली, सीटला पाठ लावून बसलो आणि पायांच्या जोराने मागे मागे सरकत उभी केली. कंबरेत कळ आली पण एकट्याने उचलली! वळून बघतो तर मामा बाईककडे ढुंकून न बघता चिखलात रांगतोय, पोत्याचं तोंड सुटलं होतं. "अरं तिकडं बॅटरी मार, मोठा पळाला!" ना माझी विचारपूस ना स्वतःच्या गुडघ्याची, जो चांगला सोलला होता. सव्वीस का सत्तावीस परत मिळाले.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये पाइप लावून बाईक धूत होतो, वॉचमन काका मदतीला. इंजिनच्या खालच्या पत्र्यावर चिखलाचा गोळा बसला होता, पाण्याचा जोर पडला तसा तो गोळा सुटला आणि त्यातून एक मुठा बाहेर आला, डेंगे वर करून. सत्तर किलोमीटर आला होता बिचारा. काकांनी पाइप टाकून दिला आणि सरळ केबिनमध्ये. त्याला बादलीत टाकून वर नेला, आईला म्हटलं ह्याला पुढच्या शनिवारी परत ओढ्यावर सोडू. आई म्हणाली कालवण गॅसवरच आहे, आण इकडे.