तुम्ही विचारलंत म्हणून: खरा सिंथ घेऊ, की लॅपटॉपवरच भागवू?

"दादा, लॅपटॉपवरचा सिंथ खऱ्या अ‍ॅनालॉगसारखा वाजतो का? आणि आता नाही तर पुढे कधी तरी वाजेल का?" फोंड्यापासून पेडण्यापर्यंत जिथे कुठे नाटकाचं पार्श्वसंगीत करायला जातो, तिथे हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. बहुतेक वेळा विशीतला मुलगा असतो. मध्यंतरात विंगेत येऊन माझ्या टेबलावरच्या वायरी न्याहाळतो आणि मग हळूच पोटातलं ओठांवर आणतो: पैसे साठवतोय, खरं यंत्र घेऊ का? पडदा उघडायची वेळ झालेली असते, त्यामुळे "वाजतो रे, नंतर बोलू" म्हणून मी सुटतो. ते नंतरचं बोलणं इथे करतो. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर सूर घडवणारं वाद्य. अ‍ॅनालॉगमध्ये ते काम सर्किट करतं, लॅपटॉपवर तेच काम प्रोग्रॅम करतो, आणि संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या अशा प्रोग्रॅमला प्लगइन म्हणतात.

वाजतो. एकच सूर धरून स्पीकरमधून ऐकवलात, तर आजच्या चांगल्या प्लगइनमधला आणि मूळ यंत्रातला फरक मला सांगता येणार नाही. छातीठोकपणे सांगणाऱ्यांना डोळे मिटून बसवलं की त्यांचीही पंचाईत होते. देवळासमोरच्या मंडपातल्या कर्ण्यांवर तर हा वादच मिटतो. पण "सॉफ्टवेअरचा आवाज पातळ, काचेसारखा" ही तक्रार कुणी हवेतून काढलेली नाही. एके काळी ती शंभर टक्के खरी होती, आणि का खरी होती हे कळलं तर आज प्लगइन पारखताना कान कुठे लावायचा तेही कळतं.

सॉ वेव्ह घ्या, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर. तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर थेट वरपर्यंत गेलेले असतात. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं, म्हणजे नमुने, घेऊन चालणाऱ्या यंत्रणेत २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. मावत नाही म्हणून ते नाहीसं होतं असं मात्र नाही, ते उलटं वळून खाली येतं. पियानोच्या वरच्या टोकाजवळचा ३,५२० हर्ट्झचा सूर धरा. त्याचा सहावा उपस्वर २१,१२० वर, तोपर्यंत ठीक. सातवा २४,६४० वर हवा, तो उतरतो १९,४६० वर. बारावा ४२,२४० वर हवा, तो येऊन बसतो १,८६० वर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली, आणि त्या सुराशी त्याचं काडीचं नातं नाही. आता सूर वर-खाली सरकवणारा पिच बेंड वर ढकला. सूर वर चढतो आणि हा आगंतुक त्याच वेळी खाली घसरतो. याला एलिअसिंग म्हणतात. एकदा ऐकलंत की पुन्हा विसरणार नाही. जुन्या प्लगइनांचा कर्कशपणा बराचसा हाच होता.

यावरची एक रीत स्टॅनफर्डच्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ सालीच मांडली होती. त्याच वर्षी स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही प्लगइन जोडायची पद्धत आणली. रीत माहीत होती, पण तेव्हाच्या संगणकांत ती दहा-बारा सुरांना एकदम लावण्याइतका दम नव्हता. आज सर्ज आणि व्हायटलसारखे फुकट मिळणारे सिंथही हे काम नीट करतात. तरी नवा प्लगइन उघडलात की पहिल्यांदा वरच्या सप्तकात सॉ वेव्ह धरून पिच बेंड फिरवाच. प्रीसेट, म्हणजे आयते आवाज, नंतर.

फिल्टरची, म्हणजे सुरातले उपस्वर कापून आवाजाचा रंग ठरवणाऱ्या भागाची, गोष्ट जास्त किचकट आहे. मोग कंपनीच्या सिंथमधल्या लॅडर फिल्टरमध्ये बाहेर पडणारा सिग्नल उलटा फिरवून पुन्हा आत घालतात, त्यातून रेझोनन्स तयार होतो, म्हणजे कापायच्या जागेजवळचे (कटऑफजवळचे) उपस्वर उठून येतात. सर्किटमध्ये हे सगळं एकाच क्षणी घडतं. प्रोग्रॅम मात्र आकडे एकामागून एक काढतो, आणि आतला आकडा काढायच्या वेळी बाहेरचा अजून निघालेलाच नसतो. मग मागच्या नमुन्याचा वापरून वेळ मारून नेतात. एका नमुन्याचा हा उशीर खालच्या सुरांत जाणवत नाही, पण कटऑफ वर नेऊन रेझोनन्स पिळलात की फिल्टर भलत्याच जागी गातो. यावर उपाय म्हणजे उशीर न करता दर नमुन्याला सगळी समीकरणं एकत्र सोडवायची. शिवाय ट्रान्झिस्टर जोराचा सिग्नल मऊपणे दाबतात, तेही गणितात आणावं लागतं. त्याचं एक चांगलं मॉडेल फिनलंडच्या आंटी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये दिलं. २०११ साली यू-ही कंपनीचा दिव्हा हा प्लगइन आला तेव्हा हे सगळं पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या हातात पडलं. त्यात दर्जा निवडायचं एक बटण आहे आणि सगळ्यात वरच्या पायरीचं नाव 'डिव्हाइन'. त्या काळातल्या लॅपटॉपवर ते लावून चार सुरांचा पॅड, म्हणजे मागे भरून राहणारा सलग आवाज, धरला की पंखा नायिकेच्या संवादात सूर लावायचा.

थोडक्यात, आवाजाचं भांडण माझ्या मते तिथेच जवळजवळ संपलं. उरलं ते उष्णतेचं, आणि त्यावर आपण गोवेकर इतरांपेक्षा जास्त अधिकाराने बोलू शकतो.

अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमध्ये, म्हणजे मूळ सूर काढणाऱ्या भागात, सूर ठरतो एका ट्रान्झिस्टरच्या टोकांवरच्या अगदी बारीक विद्युतदाबावर. एका सप्तकाला सुमारे १८ मिलिव्होल्ट. आणि हे माप तापमानाबरोबर बदलतं, अंशाला साधारण ०.३३ टक्के. दुरुस्तीची सोय नसेल, तर सकाळच्या २५ अंशांवर लावलेलं यंत्र दुपारी ३५ अंशांवर तीन सप्तकं वर गेल्यावर एका अर्धस्वराहून जास्त चुकेल. म्हणून सर्किटमध्ये उलट दिशेने बदलणारा खास रेझिस्टर बसवतात. मोगच्या १९७० च्या पहिल्या मिनीमोग सिंथांचे सूर सरकायचे म्हणून पुढे ऑसिलेटरचा बोर्डच बदलला. डेव्ह स्मिथ यांच्या १९७८ च्या प्रोफेट-५ या सिंथवर तर सरळ 'ट्यून' नावाचं बटण आहे. दाबायचं, आणि यंत्र स्वतःला सुरात लावून घेईपर्यंत थांबायचं.

आता प्लगइनवाल्यांनी काय केलं? ज्या दोषापायी त्या इंजिनिअरांची झोप उडाली होती, तोच त्यांनी 'ड्रिफ्ट' किंवा 'एज' नावाचा नॉब करून विकायला ठेवला. माझी तक्रार नॉबवर नाही. पण बऱ्याच प्लगइनांत तो नॉब म्हणजे प्रत्येक आवाजाला थोडं थोडं इकडे-तिकडे हलवणं, एवढंच असतं. खऱ्या यंत्रात प्रत्येक ऑसिलेटरचा आपापला हेका असतोच, पण रंगमंचावरचे दिवे तापले, की सगळे मिळून एकाच दिशेला निघतात. आणि मे महिन्यात पंखे बंद पडले की त्यांचा वेगही वाढतो. असं वागणारा प्लगइन मला फारसा सापडलेला नाही. त्यावाचून माझं काही अडलंही नाही, कारण शेजारी तानपुरा चालू असताना सरकणारा सूर कुणाला हवाय?

इथे जरा 'अ‍ॅनालॉगची ऊब' या शब्दाचा समाचार घेतो. ऊब म्हटलं की पोरं रोलंड कंपनीच्या ज्युनो-१०६ चं नाव काढतात. १९८४ च्या त्या यंत्रात सुराची कंपनसंख्या डिजिटल घड्याळावर ठरते, ती सरकतच नाही. जी ऊब ऐकू येते ती मुख्यतः त्याच्या कोरसची, म्हणजे सुराची किंचित हलती प्रत त्यातच मिसळणाऱ्या सोयीची. हणजुणेच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जो गोवा ट्रान्स घडला तोही सगळा अ‍ॅनालॉगच होतं अशी समजूत आहे. रोलंडचा बेस सिंथ टीबी-३०३ होताच, पण त्याच काळात लोकांनी उचललेला नॉर्ड लीड (१९९५) आणि रोलंडचा जेपी-८००० (१९९६) दोन्ही आतून डिजिटल, म्हणजे पेटीत घातलेलं सॉफ्टवेअरच. त्यावर नाचणाऱ्यांनी कधी हरकत घेतली नाही.

तानपुऱ्याकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. संगीत नाटकात काळी एक हा षड्ज धरा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारेतून १३८.६ हर्ट्झचा सा येतो, आणि त्याच तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे आपोआप ऐकू येणारा गंधार, ६९३ च्या आसपास. आता सिंथवर गंधार दाबा. कीबोर्डचा गंधार समान अंतराच्या पट्टीतला, खऱ्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तो पडतो ६९८.५ वर. दोघांत सेकंदाला साडेपाच हेलकावे. पायपेटीवाले हे दुखणं जन्मभर सांभाळतात, गंधारावर जास्त थांबत नाहीत, पुढे सरकतात. पण सिंथचा पॅड म्हणजे थांबणंच. भूपाची नांदी चालली आहे, मागे मी सुंदर, उबदार, अगदी 'अ‍ॅनालॉग' पॅड धरलाय आणि गंधारावर सगळं थरथरतंय. तिथे मोगची हुबेहूब नक्कल काय कामाची?

सर्जसारख्या सिंथमध्ये सुरांच्या जागा लिहिलेली एक साधी फाइल टाकता येते. गंधार ३८६ सेंटवर, धैवत तुमचे बुवा गातात तिथे. पॅड धरला की हेलकावे थांबतात, आणि ज्याला आपण सॉफ्टवेअरचा 'निर्जीव' आवाज म्हणत होतो तो एकदम तानपुऱ्यात विरघळतो. न्यायाने सांगायचं तर प्रोफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वरांच्या जागा हलवायची सोय होती, पण तिथेही ते काम अ‍ॅनालॉगच्या मागे बसलेला प्रोसेसरच करतो.

आपल्याकडे सिंथ काही काल आलेला नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ सालीच मोग सिंथ बसवला होता. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन दहा रागांची तबकडी केली. ३०३ ला एकच मींड येते, ठरावीक वेळेत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारी, कमी नाही की जास्त नाही. तेवढ्यावर त्यांनी राग उभे केले. मला त्या तबकडीचं कौतुक आहेच, पण आज त्याच ३०३ ची सहीसही नक्कल करणारे डझनावारी प्लगइन आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची मींडही तेवढीच आखूड आहे, याचं नवल वाटतं. प्रोग्रॅममध्ये ती हवी तशी वळवता आली असती. फारशी कुणी मागितली नाही.

भविष्याचं विचारता तर नक्कल आणखी स्वस्त होणार. गिटारच्या अ‍ॅम्पचं न्यूरल मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून नक्कल शिकणारा प्रोग्रॅम, आता घरच्या संगणकावर शिकवता येतं, त्याचं फुकट सॉफ्टवेअरही आहे. एक सिग्नल आत, एक बाहेर. फरक शिकून घ्यायचा. सिंथचं एवढं सोपं नाही, कारण नॉब वीस-पंचवीस आणि ते वाजवतानाच फिरतात. म्हणून सर्किटची समीकरणं पायाला ठेवून उरलेली कसर शिकलेल्या मॉडेलने भरायची, या वाटेने काम जाईल असं मला वाटतं. मग 'प्रोफेट' नव्हे, 'अमक्या स्टुडिओतला तमका प्रोफेट' विकत मिळेल. मिळू दे. मला त्यात फार रस उरलेला नाही.

मला काळजी आहे ती टिकण्याची. मिनीमोगचं सर्किट चांगला कारागीर आजही उघडून दुरुस्त करतो. ३०३ आणि ८०८ ची नक्कल करणारा रीबर्थ हा प्रोग्रॅम १९९७ च्या सुमारास आला, २००५ मध्ये बंद झाला, नंतर आयपॅडवर आलेला अवतारही २०१७ मध्ये रोलंडच्या सांगण्यावरून मागे घेतला गेला. २०१९ मध्ये अ‍ॅपलने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं थांबवलं, तेव्हा कितीतरी जणांचे जुने प्लगइन एका अपडेटमध्ये गेले. सत्तरी तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या नाटकाला एका कंपनीच्या प्लगइनने ऐन प्रवेशाआधी परवाना तपासायला इंटरनेट मागितलं. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. तो प्रवेश तबलजीने तरून नेला. तेव्हापासून प्रयोगाला मी फक्त ऑफलाइन चालणारेच सिंथ नेतो, आणि प्रत्येक पॅच, म्हणजे जुळवलेला आवाज, आधी रेकॉर्ड करून ठेवतो.

तर तुमच्या साठवलेल्या पैशांचं. आधी बरं साउंड कार्ड घ्या. बफर, म्हणजे एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा गठ्ठा, १२८ वर चालला पाहिजे, म्हणजे उशीर तीन मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. मग नॉब असलेला, लॅपटॉपला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड, कारण माउसने फिरवलेला फिल्टर कधीच गात नाही. अ‍ॅनालॉगची निम्मी जादू हातात नॉब असण्याची आहे. सिंथ सध्या फुकटचेच. वर्षभर त्यावर काम करून एकाच आवाजाकडे मन पुन्हा पुन्हा जात असेल, तर नवा, एका सुराचा, साधा अ‍ॅनालॉग घ्या. पावसाळ्यात तो झाकून ठेवू नका. आठवड्यातून दोनदा चालू करून सगळे नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, नाही तर समुद्राची हवा नॉबमागचा पॉट (बदलता रेझिस्टर) खाते आणि चवथीपर्यंत खरखर सुरू होते. चाळीस वर्षांचा ज्युनो-१०६ कुणी स्वस्तात देऊ केला, तर त्याच्या आवाजाच्या चिप्स वरच्या लेपापायी मरतात एवढं लक्षात ठेवा. त्यात सहा आवाज असतात. पैसे देण्याआधी सहा पट्ट्या एकापाठोपाठ दाबून धरा, आणि सहाही वाजतात का ते मोजा.