मला कळण्याआधी

श्रावणात आमच्या पाखाडीवरचे शेवाळ ओल्या जांभ्याच्या रंगात मिसळून जाते. त्या जांभ्यावर विश्वासून टाकलेला माझा उजवा पाय परवा पुढे निसटला. भानावर आलो तेव्हा मी गुडघ्यात वाकलेला, पण उभा होतो. डावा हात आडवा पसरलेला, आणि उजव्या हातातल्या किटलीतले थोडे दूध लेंग्यावर सांडलेले. मागून येणाऱ्या काकांना मी ऐटीत म्हणालो, "सावरलो हो!" परंतु या क्रियापदाचा कर्ता मी नव्हतोच.

घसरल्याची वर्दी स्नायूंतले ताण ओळखणारे तंतू मज्जारज्जूला देतात. कानाच्या आतल्या भागात एकमेकींशी जवळपास काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात; डोके फिरले की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला फिरण्याची दिशा उमगते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात, ते सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाची दिशा सांगतात. खाली कुठे आणि वर कुठे हे कळावे म्हणून कानात खडे भरून ठेवण्याची ही युक्ती मला अजूनही गमतीची वाटते. पाय आणि धडाचे स्नायू सुमारे १०० मिलिसेकंदांत कामाला लागतात. विचार करून हालचाल करायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

मागे कलंडणारा माणूस हात मागच्या बाजूला गरगर फिरवतो, ते पाहून लोक हसतात. पण हात मागे फिरतात तेव्हा उरलेले शरीर उलट, म्हणजे पुढे वळते. दरम्यान मागचा पाय घाईने टेकतो आणि गुडघे वाकून बेंबीखालचा गुरुत्वमध्य आणखी खाली आणतात. हे सारे फसले तर शेवटी तळहात पुढे होतो आणि मनगटावर बेतते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी अशा मोडलेल्या मनगटाचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केले होते.

किटली मात्र उजव्या हाताने सोडली नाही. ती निष्ठा होती की नुसती घट्ट झालेली मूठ, हे मी ठरवू शकलो नाही. पाखाडी संपून कोरडा डांबरी रस्ता लागला, तरी माझे पाय मला न विचारता लहान पावले टाकत, तळवे सपाट टेकवत घरापर्यंत चालत राहिले.