लांबच्या क्रूझवर वेळ जातो का? माझा अनुभव

ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या मंडळींना वीस-बावीस रात्रींच्या क्रूझचं सांगितलं की दोनच प्रश्न येतात: "बोट लागते का?" आणि "इतके दिवस करता काय?" पहिल्याचं उत्तर गोळीत आहे. दुसऱ्याचं जरा सविस्तर द्यावं लागतं, कारण मुंबईहून गोव्याला दोन-तीन रात्रींची बोट केलेले लोक त्यावरून अंदाज बांधतात आणि फसतात. छोट्या सहलीत बोटच तुमची करमणूक करते. लांबच्या सफरीत कधी सलग चार-पाच दिवस किनारा दिसत नाही. अशा दिवसाला सी-डे म्हणतात. तेव्हा करमणूक म्हणजे मुख्यतः माणसं, आणि ती पहिल्या तीन दिवसांत जोडावी लागतात.

सुरुवात जेवणाच्या टेबलापासून. बुकिंग करतानाच विचारतात: ठरावीक वेळ की केव्हाही? लांबच्या सफरीला ठरावीक वेळच घ्या, म्हणजे रोज तेच टेबल, तीच माणसं, तोच वेटर. पहिली पंगत सहाच्या आसपास बसते, दुसरी आठ-साडेआठला; ठाणेकरांच्या पोटाला दुसरीच सोयीची. टेबल सहा किंवा आठ जणांचं मागा. चौघांच्या टेबलावर समोरच्या जोडप्याशी सूर जुळला नाही तर वीस रात्री काढायच्या कशा? तसं झालंच तर दुसऱ्या दिवशी हेड वेटरला सांगून टेबल बदलून घ्या, संकोच नको. आठवड्यानंतर बदललं तर ते सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवावं. शिवाय उद्या डाळ-भात हवा असेल तर आज रात्रीच सांगून ठेवायचं. स्वयंपाकघरात भारतीय आचारी बहुधा असतो, पण ऐन वेळी सांगितलं तर सॅलड आणि पास्त्यावर भागवावं लागतं.

दोन-तीन संध्याकाळी ठेवणीतला पोशाख घालायचा असतो. सूट शिवत बसू नका. बंदगळा चालतो, आणि पैठणीइतकं ओळखी करून देणारं दुसरं काही नाही. लिफ्टमध्येच चार बायका पदर हातात घेऊन बघतात.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापील पत्रकात किंवा अॅपवर आदल्या संध्याकाळी येतो. त्यातल्या ट्रिव्हियावर, म्हणजे प्रश्नमंजूषेवर, पहिली खूण करा. एका संघात बहुधा सहापर्यंत माणसं, वीसेक प्रश्न, एक कागद, एक पेन्सिल. शेवटी कागद शेजारच्या टेबलाशी बदलून एकमेकांचे तपासायचे. त्यावरून होणारी भांडणं शाळेतल्यासारखीच. बक्षीस म्हणजे किल्लीची साखळी किंवा पेन, पण त्यासाठी निवृत्त न्यायाधीशसुद्धा हमरीतुमरीवर येतात. पहिल्या सी-डेला पंधरा मिनिटं आधी जायचं, चार जण बसलेले टेबल बघायचं आणि "आम्ही दोघं येऊ का?" असं सरळ विचारायचं. प्रश्न निम्मे इंग्लंड-अमेरिकेतल्या गाण्यांवर आणि टीव्हीवर असतात, तिथे आपण गप्प. पण देश, राजधान्या, झेंडे, क्रिकेट आले की संघ आपल्याकडे बघतो. लांबच्या सफरीत कधी कधी गुण शेवटपर्यंत मोजत जातात. अशा ठिकाणी चौथ्या दिवशी गेलात तर प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कोणाची तरी पर्स ठेवलेली दिसेल.

ज्यांना हे नको त्यांच्यासाठी प्रवाशांचा कॉयर, म्हणजे समूहगान, ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे वर्ग, नाच शिकवणं, व्याख्यानं असं पुष्कळ असतं. व्याख्यान चुकलं तर बऱ्याच बोटींवर ते केबिनच्या टीव्हीवर पुन्हा लागतं. पत्त्यांचे दोन जोड घरून न्या. मेंढीकोट गोऱ्या लोकांना दहा मिनिटांत येतं.

संध्याकाळचा शो पाऊण तासाचा, एका रात्री दोनदा. गडकरी रंगायतनला अडीच तासांच्या नाटकाची सवय असेल तर चुटपुट लागते: मध्यंतर नाही, म्हणजे बटाटेवडाही नाही. बोटीवरच्या संचाने मोजकेच मोठे कार्यक्रम बसवलेले असतात. बाकीच्या रात्री जादूगार, व्हायोलिनवादक, विनोदवीर. हे एका बंदरात चढतात, खेळ करतात, पुढच्या कुठल्या तरी बंदरात उतरतात. थिएटर बहुतेक बोटींवर पुढच्या टोकाला असतं आणि हेलकावे टोकालाच जास्त जाणवतात, म्हणून मळमळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर मागे बसावं. समुद्र खवळला की कसरती रद्द होतात. सफरीचे दोन टप्पे सलग घेतले असतील तर मधल्या बंदरात निम्मे लोक उतरून नवे चढतात आणि त्यांच्यासाठी तेच शो पुन्हा लागतात. ट्रिव्हियाचा संघही मोडतो, नवा जमवावा लागतो.

नवरा-बायकोंनी एक गोष्ट ठरवून घ्यावी. केबिन दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, म्हणजे आपल्याकडच्या वन आरकेपेक्षा लहान. सकाळी एकाने व्याख्यानाला जायचं, दुसऱ्याने कॉयरला, आणि जेवताना भेटायचं. सांगायला काहीतरी उरतं.

बोट पश्चिमेला जात असेल तर काही रात्री घड्याळ तासभर मागे जातं. मोबाइलवर विसंबू नका. बंदरात तो तिथली वेळ दाखवतो आणि बोट स्वतःच्या वेळेने सुटते. मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावा. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर बोटीवरच्या नेटवर्कचं रोमिंग लागतं.

ओळखी झालेल्यांना देण्यासाठी नाव-नंबराची पन्नास कार्डं छापून न्या आणि मागे पेनाने केबिन नंबर लिहा. ही देवाणघेवाण शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत उरका. संध्याकाळी सगळे सामान आवरण्यात असतात, कारण मोठ्या बॅगा त्याच रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला त्यात गेल्या नाहीत ना, एवढं बघा. पायजम्यात उतरणारा एखादा निघतोच.