स्लाउअरहोफच्या मागावर: लेउवार्डन, फ्लीलंड, होर्न

लेउवार्डन हे नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रिसलंड प्रांताचे मुख्य शहर. आम्स्टरडॅमहून आगगाडीने तिथे पोहोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात. येणारे बहुतेक पाहुणे ओल्डेहोव्हचा कललेला मनोरा पाहतात, हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या गेलेल्या नर्तकी माता हारीच्या जन्मगावी आल्याची छायाचित्रे काढतात किंवा चित्रकार एशरच्या खुणा शोधतात. मी गेलो होतो ते एशर जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, याच शहरात जन्मलेल्या यान याकोब स्लाउअरहोफ या कवीसाठी. हा पेशाने जहाजावरचा डॉक्टर होता. अवघ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात तो चीन, जपान, ब्राझील, मोरोक्को असा हिंडला आणि कुठेही रुजला नाही.

शहराने त्याच्या नावाने एक पूल बांधला आहे. २००० साली खुला झालेला हा पूल पाहण्यासाठी मी मुद्दाम कालव्याकाठी थांबलो. बोट जवळ आली की फाटक पडते आणि साधारण पंधरा मीटर लांब, तितकाच रुंद असा रस्त्याचा चौकोनी तुकडा एका प्रचंड पोलादी बाहूवर अलगद उचलला जाऊन आकाशात उभा राहतो. त्याच्या खालच्या अंगाला शहराचे निळे-पिवळे रंग आहेत. एरवी ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत, वाट मोकळी झाली की मात्र झळकतात. जमिनीवरच्यांना थांबवून पाण्यावरच्याला पुढे जाऊ देणाऱ्या या पुलाला स्लाउअरहोफचे नाव देणाऱ्यांनी त्याला नीट वाचले असणार, असे मला मनापासून वाटले.

त्याच्या आयुष्याचे खरे मूळ मात्र मला फ्लीलंड बेटावर सापडले. लेउवार्डनहून छोट्या गाडीने हार्लिंगन बंदर गाठायचे आणि तिथून बोटीने दीड तास वाडन समुद्र ओलांडायचा. ओहोटीच्या वेळी बोटीच्या दोन्ही अंगांना चिखलाचे राखाडी पट्टे उघडे पडतात आणि बोट खुणा पाहत, वळणे घेत खोल पाण्याची वाट धरते. स्लाउअरहोफला लहानपणापासून दम्याचा विकार होता. आईचे माहेर फ्लीलंडचे, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला तिथे नेत असत आणि तिथल्या वाऱ्यात त्याला मोकळा श्वास घेता येई. बेटावर आजही पाहुण्यांना मोटार नेता येत नाही. गावचा मुख्य रस्ता झाडांच्या सावलीतून सरळ जातो, वाळूच्या टेकडीवर लाल रंगाचे दीपगृह आहे आणि पश्चिमेला वनस्पतीचा मागमूस नसलेले विस्तीर्ण वाळूचे मैदान. या बेटावर पूर्वी दुसरे एक गाव होते, ते अठराव्या शतकात समुद्राने गिळले. टेकडीवर उभा राहिलो तेव्हा वारा इतका होता की टोपी हातात धरावी लागली, पण छाती भरून येणारी ती हवा घेताना एका आजारी मुलाला समुद्र म्हणजे काय वाटले असेल, हे पुस्तके वाचून कळले नव्हते ते कळले.

स्लाउअरहोफचा उल्लेख निघाला की ‘शापित, भटका कवी’ ही प्रतिमा हटकून पुढे येते. मला ती अपुरी वाटते, कारण त्याच्या भटकण्यात लहर कमी होती आणि निकड जास्त होती. आम्स्टरडॅमला वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच त्याच्या कविता छापून येऊ लागल्या. १९२३ मध्ये शिक्षण संपले आणि त्याच वर्षी ‘द्वीपसमूह’ हा पहिला संग्रह आला. पुढे जावा, चीन आणि जपान यांच्या दरम्यान धावणाऱ्या जहाजांवर त्याने डॉक्टर म्हणून काम केले. या जहाजांच्या डेकवर दाटीवाटीने चिनी मजूर असत. त्यांना तपासणारा हा डॉक्टर स्वतः दमा, पोटातील रक्तस्राव आणि नंतर हिवताप व क्षय यांनी पोखरला जात होता. समुद्रावर त्याला श्वास मिळे, पण त्याच समुद्रावरची नोकरी त्याची प्रकृती खाऊन टाकत होती. किनाऱ्यावर स्थिरावण्याचे प्रयत्नही टिकले नाहीत. १९३० मध्ये नर्तकी दार्या कोलिन हिच्याशी त्याने लग्न केले, १९३२ मध्ये त्यांचे मूल मृतावस्थेत जन्मले आणि १९३५ मध्ये घटस्फोट झाला. १९३४ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरला थाटलेला दवाखाना काही महिन्यांतच बंद करावा लागला. आपल्याला फक्त आपल्या कवितांतच राहता येते, दुसरीकडे कुठेही कधी निवारा मिळाला नाही, असे सांगणारी त्याची ‘बेघर’ ही कविता डच वाचकांना आजही तोंडपाठ असते. हे सगळे ठाऊक झाल्यावर तिच्यात रूपकाचा अंश फारसा उरत नाही.

त्याच्या ओळी ओबडधोबड आहेत, घाईत लिहिल्यासारख्या आहेत, अशी तक्रार त्याच्या काळच्या समीक्षकांनी वारंवार केली. मला त्या खडबडीतपणातच त्याचा आवाज ऐकू येतो. गुळगुळीत केलेल्या ओळीत ही धाप उरली नसती.

गोव्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला त्याची १९३२ सालची ‘निषिद्ध राज्य’ ही कादंबरी विशेष जवळची वाटावी. तिच्या केंद्रस्थानी पोर्तुगीज महाकवी कामोंइश आहे. सोळाव्या शतकात गोव्यात काही वर्षे काढलेला आणि आज जुन्या गोव्याच्या संग्रहालयात भव्य ब्राँझ पुतळ्याच्या रूपाने उभा असलेला तोच हा कामोंइश. कादंबरीत विसाव्या शतकातील जहाजावरच्या एका बिनतारी यंत्रचालकाचे व्यक्तित्व चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वसाहत मकाव इथल्या बंदरात या मृत कवीच्या व्यक्तित्वात मिसळत जाते. घरापासून तुटलेला, देशाने दूर लोटलेला कवी स्लाउअरहोफला चारशे वर्षांपलीकडे सापडला, आणि तोही दुसऱ्या एका साम्राज्याच्या वळचणीला.

परतीला मी ३२ किलोमीटर लांबीच्या समुद्रबांधावरून जाणारी बस घेतली आणि होर्नला उतरलो. या जुन्या बंदराच्या चौकात यान पीटर्सझोन कोएन याचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, वसवणारा आणि १६२१ मध्ये बांदा बेटांवर जायफळाच्या मक्तेदारीसाठी हत्याकांड घडवणारा हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल. त्याच्या क्रौर्याचा उल्लेख असलेला फलक पुतळ्याला अलीकडे, २०१२ मध्ये लागला. स्लाउअरहोफने मात्र १९३१ मध्येच कोएनवर नाटक लिहिले आणि राष्ट्रवीर म्हणून पूजल्या जाणाऱ्या या माणसाचे निर्दय रूप उघडे केले. ज्या डॉक्टरने वसाहतींकडे निघालेल्या मजुरांच्या नाड्या पाहिल्या होत्या, त्याला कोएनची आरती ओवाळणे शक्यच नव्हते. १९४८ मध्ये, इंडोनेशियाशी युद्ध चालू असताना, आम्स्टरडॅमच्या महापौरांनी या नाटकाचा प्रयोग होऊ दिला नाही. तोवर नाटककार जाऊन बारा वर्षे झाली होती.

नेदरलँड्समध्ये मला जगायचे नाही, असे ठणकावून सांगणारी त्याची एक कविता आहे. शेजारी भोकाभोकांतून डोकावून पाहतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येक इच्छेला आवर घालावा लागतो, असे तिच्यात म्हटले आहे. इथे मरून ओल्या मातीत कुजायचेही नाही, असे ती पुढे म्हणते. ५ ऑक्टोबर १९३६ रोजी हिल्वरसमच्या शुश्रूषागृहात तो मरण पावला, म्हणजे मरण नेदरलँड्समध्येच आले. मातीत मात्र त्याला पुरले नाही. वेस्टरफेल्डच्या दाहगृहात त्याला अग्नी देण्यात आला. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या अखेरच्या संग्रहाचे नाव ‘खलाशाची सन्मानाची कबर’ असे आहे.