पेसाहची कार्डं

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा आम्हा ज्यूंचा सण. यंदा त्याची पहिली रात्र १ एप्रिलला, बुधवारी. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. इमारतीत कुणी विचारलं की मी तारीख अशीच सांगते. आमच्या निसान महिन्याची पंधरावी म्हणजे पौर्णिमा, आणि बहुतेक वर्षी ती चैत्रातलीच निघते. कार्डं लिहायला मात्र मी होळी आणि त्याच सुमाराचा आमचा पुरीमचा सण आटोपले की बसते. त्यानंतर घरातलं खमीर शोधून काढायची साफसफाई सुरू होते, कारण पेसाहला घरात आंबवलेलं, फुगलेलं काही ठेवत नाहीत, मग हातात पेन नसतं, फडकं असतं. आणि खुद्द सणाच्या दिवशी आम्ही लिहीत नाही.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. पेसाहला जुने लोक ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत. आंबट कालवणाचं मडकं तेवढे दिवस झाकून ठेवायचे. १९४८ नंतर एकेक घर इस्राएलला गेलं. आता माझी मावशी अश्दोदला, चुलतभाऊ दिमोनात, भाची लंडनमध्ये. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, भेटणारे सोडले तर माझं गणगोत पाकिटांवरच्या पत्त्यांत आहे.

दुकानातली किंवा नेटवरची तयार कार्डं मला चालत नाहीत. एकावर चक्क वेणीसारखा फुगलेला पाव होता, आणि खाली सोनेरी अक्षरांत पेसाहच्या शुभेच्छा! ज्या सणात पीठ पाण्याला लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून व्हावं लागतं, त्या सणाला पाव. दुसऱ्यावर रंगवलेली अंडी आणि पिवळी पिल्लं, म्हणजे ईस्टरचंच चित्र. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती. तिच्यात लुगडी नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करताना दाखवल्यात. त्या चित्राची झेरॉक्स मी जाड कागदावर चिकटवते. मावशीला ते दरवर्षी पाठवलं तरी चालतं. दरवर्षी ती फोनवर नव्याने सांगते की यातली मधली बाई अगदी आपल्या आजीसारखी बसलीय.

आत काय लिहायचं, ते त्या घरचा सेदर, म्हणजे पहिल्या रात्रीचं हगादा वाचत केलेलं जेवण, डोळ्यांपुढे आणून ठरवते. सणाच्या शुभेच्छांचं ‘हाग सामेआह’ सगळेच लिहितात, मीही लिहिते. पण तेवढ्यावर कार्ड संपवलं तर ते कुणालाही गेलं असतं. म्हणून आधी विचारते: या घरी सेदरचे ठरलेले चार प्रश्न कोण विचारणार? ते धाकट्याचं काम. दिमोनाच्या घरात गेली काही वर्षं धाकटं असं कुणी नव्हतंच, माझा पन्नाशीतला चुलतभाऊच ‘मा निश्तना’, म्हणजे ते प्रश्न, म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. यंदा त्याचा नातू म्हणणार आहे. म्हणून ते कार्ड मी नातवाच्या नावाने लिहिलं. त्याला मराठी वाचता येत नाही, बोललेली थोडीफार कळते. तर मराठीच, पण हिब्रू अक्षरांत: ‘आजोबांना पाचवा प्रश्न विचार, अलिबागला विहिरीत कोण पडलं होतं?’ अफिकोमान, म्हणजे सेदरला लपवलेला मात्साचा तुकडा, शोधल्याचं बक्षीस म्हणून पाकिटात भारताची जुनी तिकिटंही घातलीत.

भाचीचं सासर पोलंडकडचं, अश्केनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू. तिथे जरा जपून. आपल्याकडे पेसाहला भात चालतो, त्यांच्यात तांदूळ आणि कडधान्यं दोन्ही वर्ज्य. तेव्हा ‘नारळीभाताची आठवण येते’ वगैरे तिच्या सासूला लिहिण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा हारोसेतचा, सेदरच्या ताटातल्या गोड पदार्थाचा, विषय काढावा. त्यांच्याकडे सफरचंद, अक्रोड आणि वाईन, आमच्याकडे खजुराचा शिरा. दोन्ही घरांत ते मिसरमधल्या विटांच्या गाऱ्याचीच आठवण. गेल्या खेपेला मी त्यांना शिऱ्याची कृती लिहून पाठवली: बिया काढलेला खजूर भिजवायचा, शिजवायचा, गाळायचा आणि मंद आचेवर आटवत राहायचं. सासूबाईंनी करून पाहिला म्हणे. पातळ झाला, पण सगळा संपला.

दुखवट्याच्या घरचं कार्ड सगळ्यात शेवटी लिहिते, घाई नको म्हणून. लोदच्या आत्याबाईंचे यजमान हिवाळ्यात गेले. ‘सामेआह’ म्हणजे आनंदी; तो शब्द मी त्यांच्यासाठी गाळला. काका पहिला प्याला उचलायच्या आधी घसा खाकरायचे, दोनदा, आणि मुलं तिसऱ्यांदा खाकरायची वाट बघायची, तेवढंच लिहिलं. सांत्वनाची वाक्यं त्यांना पुष्कळ आली असतील. काकांच्या खाकरण्याबद्दल कुणी लिहिलं नसेल.

आणि एकटी राहणारी माणसं. सेदरच्या सुरुवातीलाच आपण अरामी भाषेत म्हणतो की जो भुकेला असेल त्याने यावं, जेवावं. म्हणतो तेव्हा दार बंद असतं आणि पंगत आधीच ठरलेली असते, हे मला लहानपणापासून खटकतं. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना मी कार्डात तेच वाक्य मराठीत लिहून खाली वेळ घातली: साडेसात, दुसरा मजला, खुर्ची खिडकीजवळची. मास्तर हिंदू आहेत. पण हगादेतल्या त्या वाक्यात जातीचा रकाना नाही. हनुमान जयंतीचा सुंठवडा आणतो म्हणाले. गव्हाचं काही नाही ना त्यात, एवढं मी विचारून घेतलं.

शेवटी सगळे ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’ लिहितात. माझे निम्मे नातेवाईक तिथून बसने तास-दोन तासांवर राहतात. त्यांना मी ‘पुढच्या वर्षी ठाण्यात’ लिहिते. मावशी चिडते. तिकिटाची चौकशी मात्र करते.

पोस्टाचा नेम नसतो, म्हणून उशीर धरूनच चालायचं. सणाच्या मधल्या दिवसांत पोहोचेल असं वाटलं तर ‘मोअदीम ले सिम्हा’, म्हणजे मधल्या दिवसांच्या शुभेच्छा, लिहावं, ते तेव्हाच शोभतं. त्याहून उशीर होणार असेल तर समुद्रावर लिहावं, कारण समुद्र दुभंगला तो सातव्या दिवशी, असं आपण मानतो. यंदा तो ८ एप्रिलला आहे. इस्राएलचा सण तिथेच संपतो. लंडनमध्ये आठ दिवस पाळतात, त्यामुळे भाचीच्या कार्डाला आणखी एक दिवसाची सवड आहे.